डाव्या पंखाखालची नळी

१

कोणी काही चोरले नव्हते, कोणी काही मोडलेही नव्हते. वाचनालयाच्या वरच्या दालनातले काचेचे कपाट जसेच्या तसे होते, कुलूप शाबूत होते आणि आतले विमान, दोन तळहातांवर मावेल एवढे, काल संध्याकाळी ठेवले होते तिथेच, त्याच ऐटीत नाक वर करून उभे होते. तरीही सकाळी कपाटाशी वाकलेल्या पायलटाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रे लावणाऱ्या ग्रंथपाल बाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"काय झालं? साप निघाला का?"

"नळी!" पायलट म्हणाला. "बाई, माझी नळी!"

बाईंनी चष्मा सावरला, विमानाच्या पोटाखाली डोकावून पाहिले. "आहे की ही. सुईसारखी दिसतेय, तीच ना?"

"तीच. पण ती उजव्या पंखाखाली आहे!"

"मग?"

"मी डाव्या पंखाखाली लावली होती!"

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, जसे ताप चढलेल्या मुलाकडे पाहतात. "एवढंच ना? मला वाटलं, कोणी मेलं."

बाईंचे चुकले नव्हते. जगाच्या दृष्टीने काहीच झाले नव्हते. परंतु लहान विमाने घडवणाऱ्या त्या मंडळाच्या दृष्टीने रात्रीतून एक खूनच पडला होता. युद्धकाळातल्या लढाऊ विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते आणि आपण किती वेगाने चाललो आहोत ते वैमानिकाला कळते. या जातीच्या विमानाला ती डाव्या पंखाखाली असे. डावा म्हणजे आत बसलेल्या वैमानिकाचा डावा. पायलटाने ती तिथे बसवली होती. आता तिथले भोक बुजवून वर रंग दिला होता आणि उजव्या पंखाला नवे भोक पाडून तीच नळी तिथे नेऊन लावली होती.

दुपारी चारला परीक्षक येणार होते. त्यांच्या पसंतीचे विमान गावाबाहेरच्या विमानतळाच्या दालनात कायमचे राहणार होते आणि त्याखाली एका वैमानिकाचे नाव कोरले जाणार होते. युद्धातून न परतलेला तो वैमानिक म्हणजे मंडळाच्या सरांचा थोरला भाऊ.

जिन्यावर पुन्हा पावले वाजली. मंडळातला सर्वांत अबोल माणूस वर येत होता. त्याला सगळे मौनी म्हणत. दाराशी येताच त्याने पाहिले, की दोघांचेही डोळे त्याच्यावर खिळले आहेत.

"काल शेवटी इथे तूच होतास ना रे?" पायलटाने विचारले.

२

मौनी बाजारातल्या जुन्या फोटो स्टुडिओचा मालक होता. वडिलांच्या मागे तो स्टुडिओ त्याच्याकडे आला आणि त्याबरोबर अंधाऱ्या खोलीची सवयही. माणसांशी बोलताना त्याची जीभ जड होई. त्यांच्या चेहऱ्यांवरचे डाग मात्र तो बारीक कुंचल्याने इतक्या हळुवारपणे पुसून टाकी, की फोटोतल्या माणसाने स्वतःवरच नव्याने लोभावे. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या सरांकडे तो कित्येक वर्षे विमाने घडवायला शिकत होता. सरांच्या टेबलाजवळचे खिडकीकडचे स्टूल त्याचे होते.

गेल्या वर्षी सरांचा भाचा बदली होऊन या गावात आला आणि त्या स्टुलावर बसला. कोणी त्याला बस म्हटले नव्हते, कोणी ऊठही म्हटले नाही. तो सदा चामड्याचे जाकीट घालून हिंडे, म्हणून त्याचे नाव पायलट पडले. त्याच्याकडे आवाज होता, हसू होते, आणि मुख्य म्हणजे हात होता. मौनीला जे साधायला वर्षे लागली, ते त्याला जणू बोलता बोलता साधे. दोन महिन्यांपूर्वी सरांनी आपला सगळ्यांत बारीक कुंचला, ज्याला ते कोणाला हातही लावू देत नसत, तो भाच्याच्या हाती ठेवला. त्या रात्री मौनी जेवला नाही. पोटात दुखते, असे त्याने आईला सांगितले, आणि ते शब्दशः खरे होते.

म्हणूनच आता दाराशी उभे असताना तो मनातून हादरला. हे कृत्य त्याने केले नव्हते. परंतु काल या कपाटापुढे उभे राहून त्याने एक क्षण असे काही व्हावे अशी इच्छा केली होती, आणि ती इच्छा कोणीतरी ऐकली होती.

"मी काही नाही केलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

"चोर कधी म्हणतो का, मी केलं?" मागून दंतवैद्य आले. मंडळात त्यांना नुसते डॉक्टर म्हणत. त्यांचेही विमान स्पर्धेत होते, पायलटाच्या खालोखाल. भिंग डोळ्याला लावून ते कपाटाशी वाकले. "वा! रंग बघा. भोक बुजवलंय तिथे बोट ठेवून सांगता येणार नाही, इतका रंग जुळवलाय. पोटाचा हा राखाडी-आकाशी रंग पायलटाने स्वतः कालवलेला. तो नुसत्या नजरेने जुळवायचा म्हणजे खायचं काम नाही."

"तुम्ही दातांचे रंग जुळवता की रोज," पायलट म्हणाला.

"जुळवतो. पण हा हात माझा नाही." डॉक्टरांनी भिंग पुढे केले. "कडा बघ. थरथरलीय. मी असा हात चालवला असता तर गावातली निम्मी माणसं बोळकी झाली असती. रंग अचूक, हात कापरा. आता मंडळात अचूक रंग जुळवणारा आणि घाबरून कापणारा माणूस कोण?" ते वळले. "काय मौनीबाबा?"

३

आदल्या संध्याकाळचा हिशेब सरळ होता. मांडामांड झाल्यावर डॉक्टर एका रुग्णासाठी दवाखान्यात गेले, पायलट विमानाखालची लाकडी बैठक आणायला सुताराकडे गेला. त्याच वेळी कपाटातला दिवा गेला म्हणून मौनी नवा आणायला बाहेर पडला. दुकान बंद होते, म्हणून तो पार आपल्या स्टुडिओपर्यंत गेला. परतला तेव्हा पायलट बैठक बसवून गेलेला होता. दिवा लावून, कपाटाला कुलूप घालून, किल्ली खाली देऊन मौनी घरी गेला. दुरुस्तीची पेटी, म्हणजे रंग, गोंद, केसाएवढी बारीक गिरमिटे, दालनातच होती.

"बैठक बसवताना नळी पाहिलीस?" मौनीने पायलटाला विचारले. दोघे जिन्यात उभे होते.

"घाईत होतो. वरून पाहिलं नुसतं."

"मी बाहेर असताना दालनात कोण होतं?"

"कोणी नाही."

"डॉक्टर?"

"ते दवाखान्यातच होते. त्यांचा रुग्ण म्हणजे माझा घरमालक. सकाळपासून सुजलेलं तोंड घेऊन त्यांचेच गुण गातोय." पायलट थांबला. त्याच्या मोकळ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संकोच दिसला. "हे बघ, मला मनापासून वाटत नाही तू केलंस. मामांना फोन केला सकाळी. म्हटलं, मौनी असं करील का? तर म्हणाले, छातीठोकपणे नाही म्हणून सांगता येत नाही."

मौनीने कठड्यावर हात ठेवला. लाकूड थंड होते.

"असं म्हणाले सर?"

"असं म्हणाले."

इतक्या वर्षांत सर त्याला कधी रागावले नव्हते. त्यांच्या त्या एका वाक्याने जे झाले, ते डॉक्टरांच्या साऱ्या टोमण्यांनी झाले नव्हते. चार वाजता परीक्षक येतील, नळीची हकीकत निघेल, आणि मग त्या टेबलापाशी, त्या खिडकीपाशी त्याला पुन्हा जाता येणार नाही. स्टूल तर आधीच गेले होते. आता दारही जाणार होते.

"एक सांग," तो म्हणाला. "सरांनी तुला या विमानाचं काय काय सांगितलं होतं?"

"सगळं! पंखांवरचे खिळे, टायरची झीज, दारूगोळ्याच्या झडपा. नाकाची टोपी पिवळी, हे मात्र तुझं. आठवतं? पुस्तकातल्या फोटोंत ती काळी दिसत होती, तर तू म्हणालास, त्या काळच्या फिल्मवर पिवळं काळपट उमटायचं."

मौनीला आठवत होते. सांगून झाल्यावर आपली जीभ चावावीशी वाटली होती, तेही आठवत होते.

"आणि नळी?"

"नळीचं काय विचारायचं? सगळ्या आराखड्यांत डावीकडेच आहे. मोठ्या मामांच्या विमानाचा खरा फोटो मामांकडे आतल्या खोलीत आहे म्हणे. मी मागितला होता. मामा म्हणाले, बघायचंय काय त्यात, मी सांगतो ना." पायलट खिन्न हसला. "विमान पूर्ण होईपर्यंत मीही मग त्यांना दाखवलं नाही. म्हटलं, एकदम चकित करू. काल संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले."

खालून ग्रंथपाल बाईंचा आवाज आला. "अहो, ते तुमचं नळीपुराण आटोपलं असेल तर वर्गणीदारांना जिना मोकळा करा! काल संध्याकाळी तुमच्या सरांना हात देऊन उतरवता उतरवता माझा खांदा गेला, आज तुम्ही उभे!"

मौनी दोन पायऱ्या उतरला आणि जागीच थबकला.

"बाई, सरांना तुम्ही केव्हा उतरवलंत?"

"तू दिव्यासाठी गेलास त्यानंतर. बऱ्याच वेळाने. एकटेच बसले होते बिचारे."

४

दालनात कोणी नव्हते, असे पायलट म्हणाला होता. कोणी नव्हते, असे मौनीलाही वाटत होते. सरांचे हात गेल्या दोन वर्षांपासून कापत; तेव्हापासून ते मंडळात येत, खुर्चीत बसत आणि एखाद्या जुन्या घड्याळासारखे सगळ्यांच्या नजरेसमोर असूनही कोणाच्या नजरेत नसत.

सरांच्या घराकडे जाताना तो स्वतःशी तर्क जुळवत होता, आणि प्रत्येक दुवा जुळला की त्याला वाईट वाटत होते. ज्याला पायलटाला हरवायचे आहे, तो नळी मोडून टाकील. त्याला एक टिचकी पुरे. इथे कोणीतरी नवे भोक पाडले, जुने बुजवले, रंग जुळवला. एवढे कष्ट बिघडवण्यासाठी कोणी घेत नाही. ते घेतो दुरुस्त करणारा. म्हणजे नळी उजवीकडे असते, असे त्या माणसाला खरोखर वाटत होते. पण साऱ्या आराखड्यांच्या विरुद्ध असे कोणाला वाटावे?

दार काकूंनी उघडले. "ये रे. सर आडवे झालेत. सकाळी फोन आल्यापासून चहासुद्धा नाही घेतला. तू बस, मी उठवते."

"नको काकू. राहू दे जरा."

बाहेरच्या खोलीत काचेच्या घुमटाखाली सरांचे ते प्रसिद्ध विमान होते. तरुणपणी घडवलेले, याच भावाचे. मंडळातला प्रत्येक जण ते पाहून या नादाला लागला होता. त्याची बारीकसारीक अंगे काळाने झडली होती: तारा गेल्या होत्या, चाकाचे एक दार गेले होते, नळीही केव्हाच गळून पडली होती. मौनीने ते असंख्य वेळा पाहिले होते, पण नेहमी वरून, काचेतून.

त्याने घुमट उचलला. विमान तळहातावर घेऊन उलटे केले. डाव्या पंखाचे पोट कोरे, गुळगुळीत होते.

उजव्या पंखाखाली, रंगाच्या जुन्या थरात, सुईच्या टोकाएवढे एक भोक होते.

५

"काकू," त्याने हलकेच विचारले, "तो फोटो बघू का? सरांच्या भावाचा?"

काकूंनी आतल्या दाराकडे पाहिले. "त्यांना आवडत नाही कोणाला दाखवलेला. भाच्यालासुद्धा नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खरं सांगू, मलाही तो फोटो कधी आपला वाटला नाही. माझ्या सासूबाई तर त्याच्यासमोर उभं राहून म्हणायच्या, हसतोय माझाच, पण बघतोय परक्यासारखा. आईचं मन, दुसरं काय?"

त्यांनी चौकट आणून त्याच्या हातांत दिली. विमान समोरून टिपलेले होते आणि त्यापुढे एक तरुण कमरेवर हात ठेवून हसत उभा होता. मौनीची नजर सवयीने पंखाखाली गेली. नळी होती, उजव्या पंखाखाली.

म्हणजे सरांचे बरोबर होते? क्षणभर त्याला हायसे वाटले. या एका विमानाचा पंख कदाचित दुसऱ्या जातीचा बसवला असेल, युद्धात असे होई. तो चौकट परत देणार, तेवढ्यात त्याने त्या तरुणाकडे पाहिले. विमानवेडा म्हणून नव्हे, तर चेहऱ्यांवरचे डाग पुसणारा म्हणून.

तरुणाच्या कोटाची उजवी बाजू डाव्या बाजूवर आली होती.

बायकांच्या कोटाची येते तशी. आयुष्यभर त्याने नवरदेवांचे कोट, कारकुनांचे कोट, म्हाताऱ्यांचे कोट फोटोंत साफ केले होते. पुरुषाची गुंडी अशी लागलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

त्याने चौकट उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर एक पुसट शिक्का होता. शिक्का त्याच्याच स्टुडिओचा होता. वडिलांच्या हातचा, किंचित तिरपा. पुठ्ठ्याच्या फटीत बटरपेपरची पुडी खोचलेली होती आणि तिच्यात मूळ निगेटिव्ह. फिल्मची चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की चित्र सरळ दिसते, हे त्याला वडिलांनीच शिकवले होते. त्याने ती तशी खिडकीपुढे धरली.

नळी डाव्या पंखाखाली होती. कोटाची डावी बाजू उजवीवर होती. सारे जग आपापल्या जागी होते.

"दे इकडे," मागून आवाज आला.

सर दारात उभे होते. चौकटीसाठी पुढे केलेला त्यांचा हात थरथरत होता.

"तुझी ओळखायची नजर आहे, ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू मला शोधून काढशील, या भीतीनेच सकाळी फोनवर तसं बोललो. लाज वाटते सांगायला."

"हात ओळखला, सर. रंग तुमच्याशिवाय कोणाला असा जुळत नाही. आणि कापरेपणा भीतीचा नव्हता."

सर खुर्चीत बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ आणून ठेवला.

"दादा गेला तेव्हा मी शाळेत होतो," सर म्हणाले. "माझ्या वाट्याला तेवढाच आला, त्या चौकटीतला. त्याचं विमान मी त्या फोटोवरून पाठ केलं. पुढे आराखडे पाहिले, त्यांत नळी डावीकडे. मी म्हटलं, दादाचं वेगळं होतं. मला तेही आवडलं. माझ्याशिवाय कोणाला माहीत नसलेली गोष्ट. आणि काल बघतो, तर हा पोरगा, ज्याने दादाला पाहिलंसुद्धा नाही, तो अशा हाताने घडवून आणतो की माझं विमान त्यापुढे खेळणं वाटावं."

"मग तिथेच सांगायचं, नळी चुकली म्हणून."

"सांगितलं असतं, तर कोणीतरी म्हणालं असतं, फोटो दाखवा." सरांनी मान खाली घातली. "आणि काल याचं विमान पाहून त्या फोटोवरचा माझाच विश्वास डळमळला. तिथे एकटा बसलो आणि जळत राहिलो रे. दादाला ओळखायचा हक्क माझा. तो याने का घ्यावा? तिरीमिरीत उठलो. हात साथ देईना, तरी केलं. गिरमिट लावताना डोळ्यांसमोर आपला दादा होता. आता सांग, फोटो खोटा आहे ना?"

मौनीच्या मनात दोन उत्तरे आली. एक असे होते, की ते दिले असते तर सर कायमचे त्याचे ऋणी झाले असते: फोटो खरा आहे, पायलट चुकला. निगेटिव्ह त्याच्या मुठीत होती. पुडी खिशात टाकायला कितीसा वेळ लागणार होता?

६

"फोटो खोटा नाही, सर," तो म्हणाला. "उलटा छापलाय. माझ्या वडिलांनी. फिल्म पालथी पडली असेल यंत्रात. चला माझ्याबरोबर. चारच्या आत होईल."

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली सर वडिलांच्या जुन्या स्टुलावर बसले. मौनीने फिल्म नीट तपासून यंत्रात घातली, कागदावर उजेड पाडला, आणि कोरा कागद तबकातल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात सोडला. तबक तो एका लयीत हलवत राहिला. आधी पंखाची कड आली, मग टायर, मग कोटाच्या गुंड्या. चेहरा नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी आला, धुक्यातून कोणी चालत यावे तसा.

सर तबकावर वाकले. मौनीला वाटले, ते नळी शोधत आहेत.

"भांग," सर कुजबुजले. "भांग या बाजूला पाडायचा तो. आणि हसताना ही भुवई वर जायची. ही. मी विसरलोच होतो." त्यांचे बोट पाण्यावर, चेहऱ्याला स्पर्श न करता थांबले. "आई बरोबर म्हणत होती. इतकी वर्षं मी त्याचं विमान पाहत बसलो. त्याला पाहिलंच नाही."

त्या लाल अंधारात त्याला आपला मत्सर प्रथमच थोडा लांबून दिसला, वाळत घातलेल्या कागदासारखा.

ते दालनात पोहोचले तेव्हा डॉक्टर घड्याळ पाहत येरझारा घालत होते. सरांनी ओला फोटो काचेवर टेकवला, एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू खुर्चीवर ठेवली आणि कोणी विचारण्याआधीच म्हणाले, "नळी मी हलवली. मौनीचा काही संबंध नाही. माझी चूक होती आणि मनात पाप होतं. दोन्ही माझंच."

डॉक्टरांचे भिंग हातातच राहिले. "सर, तुम्ही? मी आपला सकाळपासून या गरिबाला..." ते मौनीकडे वळले. "शब्द मागे घेतो, बाबा. अक्कलदाढ तेवढी माझीच काढायला हवी."

पायलट मात्र नव्या फोटोपुढे उभा होता. "हे मोठे मामा? माझ्या आईसारखे हसतात." मग, काहीच मनात न धरता, "मामा, वेळ आहे अजून. बसवू का परत?"

"तू बसव," सर म्हणाले. "रंग मौनी कालवेल."

मौनी कपाटाजवळच्या बाकावर बसला, पायलट उभ्यानेच वाकला आणि दोघे खाली मान घालून कामाला लागले. मौनीने राखाडीत आकाशी मिसळला, ठिपका नखावर घेऊन पाहिला, पुन्हा मिसळला. पायलटाने तो बारीक कुंचला बुडवला. मौनीला तो पाहून अजूनही कळ आली, पण त्याने रंगाची वाटी स्थिर धरली. उजव्या पंखाखाली तिरप्या उजेडात एक पुसट व्रण राहिला. परीक्षकांना तो दिसेल किंवा दिसणार नाही. कोणी लपवायचे म्हटले नाही.

खाली बाईंचा आवाज आला, "या, या, वरच आहे प्रदर्शन," आणि जिन्यावर अनोळखी पावले वाजू लागली.

सरांनी खुर्चीवरची गुंडाळी उचलली आणि मौनीच्या हातांत दिली. वर्तमानपत्राच्या फटीतून जुन्या चौकटीचे लाकूड दिसत होते.

"हा तुझ्या वडिलांचा हात आहे," ते म्हणाले. "चुकलेला, पण त्यांचाच. आणि मी आयुष्यभर ज्याच्याशी बोललो तो हा. तुझ्याकडे राहू दे."

मौनीने चौकट छातीशी धरली. त्याला काही बोलायला हवे होते. नेहमीप्रमाणे शब्द उशिरा निघाले होते.

"मामा," पायलट म्हणाला. तो हसत होता, पण हसू ओठांवरच अडले होते. "तो... तो मला नाही का द्यायचा?"

सरांनी ऐकले नाही. ते पाहुण्यांना सामोरे गेले होते. मौनीने मात्र ऐकले, आणि चमकून मान वर केली. तो स्वर त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. वर्षभर तो त्याच्याच छातीत राहत आला होता.

तो बाकावर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

"बस," तो म्हणाला. "दोघं मिळून बघू."